भिंतीलगतची फ्लॅशिंग सुटली, झोळ पडला : कोल्हापुरातल्या शेडसाठी दुरुस्तीचा धागा

शेडकाम
वळीव पडायला लागला की गच्चीवरच्या शेडबद्दल सगळ्या पेठांतून एकच तक्रार येते : पत्रा चांगला आहे, पण भिंतीच्या कडेने पाणी उतरतंय. बहुतेक वेळा दोष पत्र्याचा नसतोच. पत्रा आणि भिंत यांच्या सांध्यावरची वाकवलेली पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, भिंतीतून सुटलेली असते, नाहीतर तिला झोळ पडून तिची कड पत्र्यापासून उचललेली असते. मृग लागायच्या आत हे काम नीट कसं उरकायचं, त्यासाठी हा धागा.

सुटलेली पट्टी दिसली की लोक आणखी चार स्क्रू मारतात आणि वरून सीलंटची नळी रिकामी करतात. एक पावसाळा निघतो. पण पट्टी स्क्रू कमी पडले म्हणून क्वचितच सुटते. ती सुटते दोन्ही बाजूंनी जखडल्यामुळे. भिंत जागेवर असते, पत्रा आणि खालचा लोखंडी सांगाडा मात्र हलतो. १० फुटी लोखंडी पट्टी ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ दीड मिमी लांबते-आखडते, अल्युमिनियमची असेल तर दुप्पट. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर वळवाची सर आली की हा फरक काही मिनिटांत पडतो. शेड वाऱ्याने डोलतं ते वेगळंच. वर सिमेंटने गच्च भरलेली आणि खाली स्क्रूने आवळलेली पट्टी हे ओढणं किती दिवस सोसणार? आधी सिमेंट तडकतं, मग प्लग ढिले होतात, मग पट्टी पोट काढते.

दुसरं कारण वाकाचं. शेडच्या वरच्या टोकाला, जिथे पत्रा भिंतीला येऊन थांबतो, तिथे पट्टीचा कोन ९० अंशांचा असून चालत नाही. ६ फुटांना १ फूट उतार असेल तर तो कोन साडेनव्व्याण्णव अंश हवा. काटकोनात वाकवलेली ८ इंची पट्टी तिथे ठेवली तर तिची पुढची कड पत्र्यापासून सव्वा-दीड इंच वर राहते. मग कारागीर ती स्क्रूने खाली दाबतो, आणि त्या दाबाने पट्टीचा उभा भाग पहिल्याच दिवसापासून भिंतीतून बाहेर खेचला जातो. वाक देताना दोन-तीन अंश जास्त खुला घ्या, म्हणजे पुढची कड आपोआप पत्र्यावर दाबून बसते. उद्यमनगरात फोल्डिंग मशीनवर पट्टी करायला देताना 'एल पट्टी' एवढंच सांगू नका. पुठ्ठ्याचा कोन कापून सोबत न्या.

आणि तिसरं म्हणजे माणसाचा पाय. टाकी धुणारा, डिश बसवणारा, केबल ओढणारा, जो तो भिंतीचा आधार घेत कडेने चालतो, म्हणजे नेमका पट्टीवर पाय देतो. ०.५० मिमीचा पत्रा तिथे बसतो तो बसतोच.

मंगळवार_पेठ
दादा, नेमक्या वेळी धागा आला. २४ फूट लांबीची विटेची भिंत, गिलावा केलेला, शेडचा उतार भिंतीपासून खाली. पट्टी अल्युमिनियम रंगाची, गंज नाही. मधल्या ७-८ फुटांत भिंतीपासून अर्धा इंच सुटली आहे आणि पुढची कड लाटेसारखी वरखाली झाली आहे. आहे तीच सरळ करून बसवावी की नवी करावी?

शेडकाम
भावा, आधी दोन गोष्टी तपासा. पट्टीच्या वर भिंतीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज आला तर गिलावा विटेला धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर पट्टी नुसत्या गिलाव्यात खोचलेली होती आणि आता गिलाव्यासकट सुटली आहे. तिथे कितीही सीलंट भरलं तरी पाणी गिलाव्याच्या मागून उतरणार. तो गिलावा काढूनच काम करावं लागेल.

मग पट्टीची पुढची कड बघा. खाली वाकवून आत घडी मारलेली असेल तर पट्टी वाचवता येईल. घडी नसलेली उघडी कड एकदा लाटली की सरळ राहत नाही, कारण तिच्यात ताठपणाच नसतो. तशी असेल तर नवी करा. वाकवून आणलेला नवा पत्रा हा या कामातला महागडा भाग नाही, मजुरी आणि खाच मारणं आहे.

सिव्हिल_तात्या
पाणी नक्की कुठून येतं ते आधी पाइपने बघून घ्या. खालून वर या : प्रथम फक्त पत्र्यावर दहा मिनिटं पाणी सोडा, मग पट्टीच्या पुढच्या कडेवर, मग पट्टी आणि भिंतीच्या सांध्यावर, सगळ्यात शेवटी वरच्या भिंतीवर. एक माणूस खाली बॅटरी घेऊन उभा पाहिजे. ज्या टप्प्याला थेंब दिसला तिथे दोष. पाणी पावसासारखं वरून पडू द्या. पट्टीच्या खालून वर फवारा मारला तर उत्तम काम केलेली फ्लॅशिंगसुद्धा गळते आणि तुम्ही उगाच ती उचकटून बसता.

पुष्कळदा पट्टी निर्दोष निघते आणि पाणी वरच्या कठड्याच्या माथ्यावरच्या भेगेतून भिंतीत मुरून पट्टीच्या मागे उतरत असतं. मग कठड्याच्या माथ्याचं काम आधी करायचं.

मंगळवार_पेठ
तात्या, पाइपने बघितलं. भिंतीच्या सांध्यावर पाणी सोडलं की गळतं, वरच्या भिंतीवर सोडलं तर जास्तच. गिलावा टणक आहे. पुढच्या कडेला घडी नाही. म्हणजे नवी. मापं सांगा.

शेडकाम
एका पट्टीत करू नका, दोन पट्ट्यांत करा. खालची पत्र्याला बांधलेली, वरची भिंतीला बांधलेली, आणि वरची खालचीवर नुसती पांघरलेली. दोघींना जोडणारा एकही स्क्रू किंवा रिव्हेट नको. शेड हललं तर खालची पट्टी वरचीच्या आत सरकते, भिंतीवर ताण येत नाही. सगळं काम या एका गोष्टीवर टिकतं.

खालच्या पट्टीला १६ इंच रुंदीचा तुकडा : ६ इंच उभी, ८ इंच पत्र्यावर, १ इंच पुढे खाली वाकवलेली, आणि उरलेल्या इंचात दोन्ही कडांना साधारण ४-४ सूत (अर्धा-अर्धा इंच) उलटी घडी. वरच्या पट्टीला ५ इंच : ३० मिमी भिंतीच्या खाचेत, खाचेतल्या टोकाला १० मिमी उलटा वाक, ७० मिमी खाली, आणि शेवटी १५ मिमी बाहेर झुकवलेली पागोळी-कड, म्हणजे पाणी खालच्या पट्टीच्या मागे न जाता पुढे पडतं. खाच पत्र्याच्या उंचवट्यापासून ७ इंचांवर घेतली की दोन्ही पट्ट्या पावणेदोन इंच एकमेकींवर येतात.

पत्रा ०.५० मिमी, कलर कोटेड. ४ फुटी रुंदीतून १६ इंचांच्या ३ पट्ट्या बरोबर निघतात. लांबीचा हिशेब मात्र नीट करा. ८ फुटी ३ तुकडे म्हणजे २४ फूट हे कागदावर. ६-६ इंचांचे दोन जोड वजा केले की हातात २३ फूटच राहतात. १० फुटी ३ तुकडे घ्या.

बाकी सामान :
वॉशरसकट सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, पत्र्याच्या उंचवट्यातून खालच्या सांगाड्याच्या पाइपपर्यंत जातील एवढे लांब (बहुतेक ठिकाणी १२ नंबर, ५५ मिमी), एक सोडून एका उंचवट्यावर, ३० नग आणा.
३०० मिलिचे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट २ नळ्या. ८ बाय ८ मिमीच्या खाचेला एक नळी साधारण पावणेपाच मीटर पुरते, तुमची भिंत सव्वासात मीटर.
१० मिमी फोमची दोरी २५ फूट.
ब्यूटाइल टेप एक रोल, जोडांसाठी.
पत्र्याच्या आकाराचे फोम फिलर, उंचवट्याखालच्या पोकळीसाठी.

उद्यमनगर_फिटर
शेडकाम यांनी बरोबर सांगितलंय. कापण्याबद्दल मी भर घालतो. रंगीत पत्रा ग्राइंडरने कापू नका. कड जळते, तिथला झिंकचा थर जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात लाल रेघ उमटते. उडालेल्या ठिणग्या शेजारच्या पत्र्यावर चिकटून तिथेही गंजाचे ठिपके पडतात. कात्रीने कापा. भोकं पाडल्यावर लोखंडाचा कीस ब्रशने झाडून काढा, पुढच्या दिवसावर टाकू नका. खुणा मार्करने करा. झिंक-अल्युमिनियमच्या पत्र्यावर शिसपेन्सिल नको, ग्राफाइटमुळे त्या रेघेवर गंज धरतो.

स्क्रू किती आवळायचा ते वॉशर सांगतो. काळं रबर लोखंडी चाकीच्या कडेबाहेर किंचित डोकावलं की थांबा. रबर चेपून बाहेर पसरलं असेल तर स्क्रूभोवती पत्र्याला वाटी पडते, तिच्यात पाणी साठतं आणि रबर उन्हाने फाटतं. इम्पॅक्ट मशीनने हे हमखास होतं, क्लच असलेलं ड्रिल वापरा. जुन्या भोकात तोच १२ नंबर पुन्हा बसवला तर पकडत नाही, तिथे १४ नंबर घाला.

सिव्हिल_तात्या
खाच कशी मारायची ते लिहितो, कारण सगळ्यात जास्त घाई तिथेच होते.

दोरीने सरळ रेघ मारा. ५ इंची ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून ८ मिमी अंतराने दोन समांतर काप घ्या आणि मधला भाग बारीक छिन्नीने उडवा. खोली ३० ते ३५ मिमी. गिलावा १५ मिमी असेल तर त्यापुढे विटेतही तेवढीच खाच गेली पाहिजे, नाहीतर पुन्हा गिलाव्यालाच टांगल्यासारखं होईल. धूळ ब्रशने आणि ब्लोअरने काढा. धुळीवर कुठलंच सीलंट धरत नाही. पाण्याने धुतलं तर वाळायला दोन दिवस सोडा.

पट्टी खाचेत जाते तो भाग आधी काळ्या बिटुमेन रंगाने रंगवा. झिंक असो की अल्युमिनियम, ओल्या सिमेंटच्या क्षाराने खाल्लं जातं, आणि ते खाणं बाहेरून दिसत नाही. पट्टी खोचली की दर दीड फुटाला त्याच पत्र्याच्या तुकड्याची घट्ट गुंडाळी करून खाचेत ठोका. पाचर म्हणून ती पट्टीला धरते. २४ फुटांना १७ पाचरी. मग फोमची दोरी दाबून बसवा, म्हणजे पुढे ८ मिमी जागा उरते, आणि तेवढ्यात सीलंट. दोरी कशासाठी? सीलंट समोरासमोरच्या दोन बाजूंनाच चिकटायला हवं. मागच्या तळालाही चिकटलं तर त्याला ताणायला वाव राहत नाही आणि ते मधून फाटतं.

खाच सिमेंटने भरू नका. कारण वर आलंच आहे.

मंगळवार_पेठ
दुकानदार म्हणतो सिलिकॉन स्वस्त पडेल, तेच न्या. फरक काय?

उद्यमनगर_फिटर
उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन काचेसाठी. ते वाळताना आम्ल सोडतं, झिंकला खातं, आणि सिमेंटवर धरतही नाही. न्यूट्रल सिलिकॉन पत्रा-ते-पत्रा जोडाला उत्तम, उन्हात पीयूपेक्षा जास्त टिकतं, पण त्यावर रंग बसत नाही. भिंत-ते-पत्रा सांध्याला पीयू, आणि वरून भिंतीचा बाहेरचा रंग मारा म्हणजे उन्हाने ते भुकटत नाही.

जुन्या पट्टीवर डांबर थापलं असेल तर ते पूर्ण खरवडल्याशिवाय नवं काही लावू नका. रॉकेलने पुसलं तर तेलकट थर राहतो, शेवटचा हात थिनरचा द्या. एपॉक्सी पुटी तर या सांध्यावर नकोच. ती दगडासारखी कडक होते आणि पट्टी हलली की कडेने सुटते.

शेडकाम
बसवण्याचा क्रम आता. जुनी पट्टी काढली की पत्र्याचं वरचं टोक उघडं पडेल. तिथे प्रत्येक खोलगट भागाचं टोक पकडीने एक इंचभर वर वळवा. पाच मिनिटांचं काम, आणि जवळजवळ कोणी करत नाही. पश्चिमेचा वारा पाणी पत्र्यावरून उलटं वर ढकलतो. टोक सपाट असेल तर ते पाणी पट्टीखालून थेट घरात पडतं, वळवलेलं असेल तर अडून परत फिरतं. मग फोम फिलर, मग खालची पट्टी, मग वरची.

जोड कुठून सुरू करायचे हेही बघा. आपल्याकडे पावसाळ्याचा वारा पश्चिम-नैऋत्येचा. भिंत पूर्व-पश्चिम धावत असेल तर पहिला तुकडा पूर्वेच्या टोकाला, आणि पश्चिमेकडे जात प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यावर चढवा. जोडाचं तोंड वाऱ्याच्या पाठीला राहतं. पण पट्टी उताराच्या दिशेने जात असेल, म्हणजे शेडच्या बाजूच्या भिंतीला, तिथे वारा विसरा : खालचा तुकडा आधी, वरचा त्यावर. जोड ६ इंच, आत ब्यूटाइल टेप, रिव्हेट नको.

राधानगरी_रोड
आमची बाजूची भिंत जांभ्याची आहे, गिलावा नाही. आणि शेजारची जुनी भिंत मातीतली. ग्राइंडर चालवायचा का?

सिव्हिल_तात्या
जांभ्यात काप घेता येतो, पण कड भुगा होऊन पडते आणि दगड स्वतः पाणी पितो. काळ्या दगडाच्या भिंतीत तर काप घ्यायचाच नाही. दोन्हींत दर्जाच्या, म्हणजे दगडांमधल्या सांध्याच्या, रेषेतून जा : दर्जा ३० मिमी खोल उकरा आणि पट्टी सलग न घेता थरांप्रमाणे पायऱ्या-पायऱ्यांनी चढवा, प्रत्येक तुकडा वरच्याने ४ इंच झाकलेला. जांभ्यात सीलंटआधी प्रायमर लागतोच. पट्टीच्या वर निदान फूटभर जांभ्याला पाणी न पिणारा पारदर्शक लेप द्या, नाहीतर पाणी दगडातूनच पट्टीच्या मागे येईल.

मातीतल्या भिंतीला ग्राइंडर लावू नका. हादऱ्याने थर सुटतात, आणि प्लग तर मातीत धरतच नाहीत. तिथे खालच्या पट्टीचा उभा भाग शेडच्याच सांगाड्याला अँगल जोडून त्यावर बांधा, म्हणजे भिंतीवर कसलाही भार नाही. भिंतीच्या बाजूने जाळी लावून चुन्याच्या गिलाव्यात फक्त वरची पट्टी धरा. तिचं वजन नगण्य असतं.

कौलारू
कौलांच्या घराबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मंगलोरी कौलं भिंतीला भिडतात तिथे सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातला तिरका लेप, मारलेला असतो. लाकडी वासे ऋतूप्रमाणे फुगतात-आकसतात, वाटा भिंतीला धरून राहतो आणि कौलांच्या बाजूने सुटतो. त्यावर पुन्हा वाटा मारणं म्हणजे दरवर्षीचं काम. भिंतीलगतची एक ओळ उतरवा आणि रिपांवर, कौलांच्या खाली, पत्र्याची पन्हळ टाका : ४ इंच भिंतीवर चढलेली, ६ इंच कौलाखाली, आणि आतल्या कडेला १ इंच वर वळवलेली. भिंतीवर वरची झाकपट्टी शेडकाम यांनी सांगितली तशीच. वळचणीला पन्हळ कौलांच्या पुढे दोन इंच निघाली पाहिजे, नाहीतर सगळं पाणी भिंतीच्या डोक्यावर पडेल.

दोन पाखांच्या मधल्या पन्हळीला झोळ पडला असेल तर तिच्याखाली सलग फळी हवी. पाण्याचा हिशेब करा : १०० चौरस फुटांच्या पाख्यावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २३५ लिटर. त्यात चिंचेचा पाला अडकला की पन्हळ तासाभरात तुंबते. मृगाच्या आधी एकदा आणि श्रावणात एकदा हात फिरवाच.

राधानगरी_रोड
आभारी आहे, तात्या. मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, त्यालाही हेच का?

शेडकाम
आकार तोच, पद्धत वेगळी. त्यावर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट मारू नका, पत्रा तडकतो. आधी बोल्टपेक्षा दोन-तीन मिमी मोठं भोक हाताच्या ड्रिलने पाडा, मग जे-हुक (खालच्या पाइपला अडकणारा वाकडा बोल्ट), बिटुमेनचा वॉशर आणि वर चाकी. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं, म्हणून ग्राइंडर किंवा कोरडं घासणं अजिबात नको. भोक पाडताना तिथे पाणी शिंपडा आणि चांगला मास्क लावा. आणि त्यावर उभं राहू नका. खालून दणकट दिसला तरी तो माणसाच्या वजनाने एकदम तुटतो. खालच्या पाइपांवर टेकतील अशा दोन फळ्या टाका आणि फळीवरूनच सरका.

लोखंडी पत्र्यावरसुद्धा स्क्रूच्या ओळीवरूनच चाला, तिथे खाली पाइप असतो. कमरेला दोर, पायात रबरी तळव्याचे बूट, आणि वीजजोडणीची वायर शेडला घासून जात असेल तर आधी वायरमनला बोलवा. ओल्या पत्र्यावर कोणीही चढू नये.

मंगळवार_पेठ
शेवटची शंका. दुपारनंतर रोज आभाळ भरून येतंय. सकाळी सीलंट भरलं आणि चारला वळीव आला तर?

उद्यमनगर_फिटर
सकाळी ऊन चढायच्या आत भरा. खाच हाताला कोरडी लागली पाहिजे आणि पत्रा तापलेला नको. तापून ताणलेल्या पट्टीवर भरलेलं सीलंट रात्री पट्टी आखडल्यावर ओढलं जातं. पीयू हवेतल्या दमटपणानेच वाळतं. वरचा पापुद्रा साधारण दोन-तीन तासांत धरतो, नक्की वेळ नळीवर छापलेली असते. पापुद्रा धरल्यावर सर आली तर बिघडत नाही. आत मात्र दिवसाला दोन ते तीन मिमीच मुरतं, म्हणजे ८ मिमीला तीन-चार दिवस लागतात. तोवर पट्टीला हात लावू नका आणि पाइपची चाचणी पाचव्या दिवशी घ्या. त्या आधी जोराचा वारा सुटणार असं दिसलं तर वरच्या पट्टीच्या खालच्या कडेला दर तीन फुटांवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे ती फडफडून ओलं सीलंट उचकटणार नाही. मुरल्यावर चिकटपट्टी काढून टाका.